कथाबीज आणि कथानक यांत गल्लत करू नकोस

'आजीची बोरमाळ हरवली' हे झालं कथाबीज. माळ नातवानेच गहाण ठेवलीय, आजीला ते कळलंय, तरी ती घरभर शोधत राहते. इथे एका गोष्टीतून दुसरी निघू लागली, म्हणजे कथानक आलं.

आता निवेदक ठरव. नातू 'मी' म्हणून सांगणार असेल, तर आजीच्या मनातलं एक वाक्यही लिहिता येणार नाही. रिकाम्या गळ्याशी गेलेला तिचा हात तेवढा त्याला दिसेल. मला हेच जास्त आवडतं, कारण आजीला कळलंय हे वाचक नातवाच्या आधी ओळखतो. तृतीयपुरुषी निवेदनात, म्हणजे 'तो', 'ती' असं बाहेरून सांगताना, दोघांच्या मनात शिरता येतं, पण एकाच परिच्छेदात इकडून तिकडे उड्या नकोत.

संघर्षाला भांडणच लागतं असं नाही. कबूल करायचंय आणि जीभ रेटत नाही, हाही संघर्षच. संवाद मात्र मोठ्याने वाचून बघ.