वाचकांचे प्रश्न : सोलो–कुर्याकिनची जोडी परतली, तेव्हा काय बिघडलं?

गेल्या अंकात जुन्या मालिकांच्या पुनर्भेटींबद्दल लिहिताना ‘द मॅन फ्रॉम अंकल’च्या १९८३ सालच्या चित्रपटाला आम्ही ‘निराशाजनक’ म्हटलं होतं. त्यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना ही उत्तरं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ही अमेरिकी हेरमालिका एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६४ ते जानेवारी १९६८ या काळात चालली. भाग १०५. रॉबर्ट वॉन हा नेपोलियन सोलो, डेव्हिड मॅकॅलम हा इल्या कुर्याकिन. एक अमेरिकी, एक रशियन, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना दोघे ‘अंकल’ या एकाच संघटनेत. शत्रू म्हणजे ‘थ्रश’ नावाची टोळी. पंधरा वर्षांनी, ५ एप्रिल १९८३ रोजी, सीबीएस वाहिनीवर दोघांना पुन्हा आणणारा दूरचित्रपट दाखवला गेला.

प्रश्न : नायक उतारवयाला लागले होते, म्हणून चित्रपट पडला. यात लेखक-दिग्दर्शकाचा काय दोष? (कॉलेज रोड)

वयाचं कारण हिशेबात टिकत नाही. प्रसारणाच्या दिवशी वॉन ५० वर्षांचे होते आणि मॅकॅलम ४९. त्याच वर्षी जूनमध्ये रॉजर मूर ५५व्या वर्षी जेम्स बाँड म्हणून पडद्यावर आले, आणि ऑक्टोबरात शॉन कॉनरी ५३व्या वर्षी. दोघांचेही चित्रपट लोकांनी गर्दी करून पाहिले. या जोडीतला धाकटा तर पन्नाशीलाही पोचला नव्हता.

दोष पटकथेच्या रचनेत आहे, आणि तो नेमका दाखवता येतो. थ्रश एक अणुबाँब पळवते, ३५ कोटी डॉलर मागते, ते ७२ तासांत पोचवायचे आणि सोलोनेच आणायचे अशी अट घालते. इथवर ठीक. सोलो आता संगणकांच्या धंद्यात आहे, कुर्याकिन कपड्यांचा फॅशन डिझायनर झाला आहे आणि जुन्या मोहिमेतल्या विश्वासघातामुळे संघटनेवर रुसलेला आहे. हीसुद्धा उत्तम सुरुवात आहे. पंधरा वर्षांचा दुरावा आहे, मनात सल आहे, काम तातडीचं आहे. पण दोघांची भेट होते न होते तोच पटकथा त्यांना वेगवेगळ्या वाटांना लावते. मधला मोठा भाग ते निरनिराळ्या माणसांबरोबर असतात, सोलोच्या जोडीला तर एक नवा तरुण एजंट दिला आहे. प्रेक्षक ज्या दोघांसाठी टीव्हीसमोर बसला, तेच एकमेकांशी बोलत नाहीत.

मूळ मालिकेत ही जोडी आधीपासून ठरलेलीही नव्हती. सुरुवातीच्या भागांत कुर्याकिनला जेमतेम काही वाक्यं असत, मालिका सोलोची होती. प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं म्हणून त्याचं काम वाढलं आणि जोडी झाली. म्हणजे ही जोडी प्रेक्षकांनी घडवली होती. तिची किंमत १९८३च्या लेखकाला ओळखता आली नाही, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं, कारण दोन्ही नट तयारीचे होते आणि जिथे ते समोरासमोर येतात तिथे जुनी चमक लगेच दिसते.

पडताळा हवा असेल तर असं करा. कागदावर दर पाच मिनिटांसाठी एक चौकोन आखा, आणि दोघे एकाच दृश्यात दिसले की त्या चौकोनात खूण करा. चित्रपट जाहिराती वगळून दीड तासाच्या थोडा वर आहे, म्हणजे एकोणीस-वीस चौकोन होतील. मग पहिल्या हंगामानंतरचा, दोघे मिळून मोहिमेवर जातात असा कुठलाही भाग घेऊन त्याचा असाच कागद करा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

दुसरी उणीव जागेची. मूळ मालिकेत न्यूयॉर्कमधल्या डेल फ्लोरिया या शिंप्याच्या दुकानातून मुख्यालयात जायचं : शिंपी इस्त्रीच्या प्रेसचा दांडा खाली ओढणार, एजंट कपडे बदलायच्या खोलीत जाऊन भिंतीवरचा हूक फिरवणार, भिंत उघडणार, आत स्वागतकक्षात पिवळा त्रिकोणी बिल्ला छातीवर लागणार. सोलोचा क्रमांक ११, कुर्याकिनचा २. हे अनेक भागांत बारकाईने दाखवत, त्यामुळे पुढच्या अतर्क्य गोष्टींवर विश्वास बसायचा. १९८३च्या चित्रपटात कथा लास वेगासच्या झगमगाटात जास्त रमते, आणि मुख्यालयाची ती शिस्त मागे पडते.

प्रश्न : पॅट्रिक मॅकनी यांच्यासारखा मोठा नट घेऊनही प्रमुखाची भूमिका का भावत नाही? (देवळाली कॅम्प)

मूळ प्रमुख वेव्हर्ली, म्हणजे लिओ जी. कॅरोल, १९७२ साली वारले होते. तेव्हा नवा प्रमुख आणणं भागच होतं. मॅकनी नट म्हणून चोख, पण ‘दी अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश मालिकेतला त्यांचा जॉन स्टीड जगभर ठाऊक होता. दिग्दर्शक रे ऑस्टिन यांनीही त्या मालिकेवर काम केलेलं. पडद्यावर सर जॉन रॅली हा नवा प्रमुख आला तरी प्रेक्षकाला स्टीडच दिसतो, आणि वेव्हर्लींची उणीव भरून निघण्याऐवजी जास्त जाणवते. तुलनेने अनोळखी नट इथे अधिक उपयोगी पडला असता.

प्रश्न : जॉर्ज लेझनबी ज्या अ‍ॅस्टन मार्टिनमधून येतात, ती त्यांच्याच बाँडपटातली ना? (सातपूर)

नाही. या चित्रपटात लेझनबी ‘जे. बी.’ नावाचा माणूस म्हणून डीबी५ मॉडेलची गाडी चालवत येतात. ती १९६४च्या कॉनरीपटातली गाडी. लेझनबी यांच्या १९६९च्या चित्रपटात डीबीएस होती. दोन मिनिटांची गंमत म्हणून प्रसंग छान आहे, पाठलागही नीट जमलाय. मात्र पाहुण्याचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहावा आणि नायकांचा राहू नये, यातच सगळं आलं.

प्रश्न : नातवाला ही मालिका दाखवायची आहे. सुरुवात या चित्रपटापासून करू का? आणि आमच्या ४३ इंची टीव्हीवर सगळी पात्रं जाडी दिसतात, त्याला काय करावं? (नाशिक रोड)

आजोबा, या चित्रपटापासून अजिबात नको. पंधरा वर्षांनी भेटणाऱ्यांना नातू आधी ओळखतच नसेल तर त्याला काय वाटणार?

पहिला हंगाम कृष्णधवल आहे, २९ भागांचा, आणि लेखनात सर्वांत भक्कम. त्यातला ‘द नेव्हर-नेव्हर अफेअर’ आधी लावा. संघटनेतल्या एका भाषांतरकार मुलीला थरार हवा असतो, म्हणून सोलो तिला खोट्या कामगिरीवर पाठवतो आणि तिच्या हाती खरंच गुप्त ऐवज लागतो. सामान्य माणूस हेरगिरीत ओढला जाणं हा मालिकेचा कणा होता, तो या एका भागात पूर्ण कळतो. दुसरा ‘द प्रोजेक्ट स्ट्रिगास अफेअर’, नोव्हेंबर १९६४चा. यात विल्यम शॅटनर आणि लेनर्ड निमॉय आहेत, ‘स्टार ट्रेक’च्या जवळपास दोन वर्षं आधी. नातवाला ते आवडेल. दुसऱ्या हंगामापासून रंग येतो, त्यातले काही भाग घ्या.

तिसरा हंगाम जपून. जानेवारी १९६६मध्ये ‘बॅटमॅन’ मालिका गाजली आणि तिच्या थट्टेखोर वळणावर ही मालिकाही गेली. सोलो गोरिलाबरोबर नाचतो असाही एक भाग आहे. चौथ्या हंगामात सूर पुन्हा गंभीर केला, पण प्रेक्षक गेले होते आणि हंगामाच्या मध्यातच मालिका बंद झाली. एवढं सगळं झाल्यावर, दहा-बारा भागांनंतर, १९८३चा चित्रपट दाखवा.

आता चित्राचं. मालिका आणि चित्रपट दोन्ही ४:३ आकाराचे (रुंदी चार, तर उंची तीन) आहेत आणि तुमचा टीव्ही १६:९. चित्र ‘फुल’ किंवा ‘वाइड’ वर असेल तर रुंदी एक-तृतीयांशाने ताणली जाते, म्हणून माणसं जाडी दिसतात. रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर असते. योग्य चित्र ७१ सेंटिमीटरचं येईल आणि दोन्ही बाजूंना सुमारे १२ सेंटिमीटर काळे पट्टे राहतील. ते राहू द्या. पट्टे घालवायला ‘झूम’ केलंत तर वर-खाली मिळून चौथा हिस्सा कापला जातो, आणि जवळच्या दृश्यांत कपाळ-हनुवटी जाते. मोशन स्मूदिंग नावाची सोय बंद करा, तिने फिल्मवरचं चित्रण स्टुडिओतल्या व्हिडिओसारखं गुळगुळीत होतं. आवाज एकाच मार्गिकेचा आहे, त्यामुळे सराउंड बंद ठेवलात तर संवाद स्पष्ट येतील.

डिस्क मागवणार असाल तर पाकिटावरचा प्रदेश-क्रमांक पाहा. अमेरिकेतली डीव्हीडी प्रदेश १ची असते, आपल्याकडचे प्लेअर प्रदेश ५चे. सर्व प्रदेश चालणारा प्लेअर नसेल तर ती लागणारच नाही, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार सहसा परत घेत नाहीत.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या गटाला एखादं सभागृह घेऊन मूळ भाग आणि हा चित्रपट लागोपाठ दाखवायचे आहेत. तिकीट नाही, मग परवानगी कशाला?

तिकीट नसलं तरी लागते. घरासाठी घेतलेली डिस्क किंवा स्ट्रीमिंगची वर्गणी घरापुरती असते. सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्रही. शिवाय मूळ मालिका एमजीएमने बनवलेली आणि पुनर्भेट वेगळ्या निर्मात्यांची, तेव्हा एकाच ठिकाणी अर्ज करून दोन्हींचं काम होईल असं धरू नका. कार्यक्रमाआधी निदान तीन महिने पत्रव्यवहार सुरू करा.

तेवढा वेळ नसेल तर ताई, दुसरा मार्ग जास्त चांगला आहे. प्रत्येकाने भाग आपापल्या घरी पाहावेत आणि सभागृहात फक्त चर्चा ठेवावी. वर सांगितलेला पाच-पाच मिनिटांचा कागद प्रत्येकाने भरून आणला तर दोन तास कमी पडतील.

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारा आमचा गट एकांकिका बसवतोय : वीस वर्षांनी भेटणारे दोन निवृत्त गुप्तहेर. या चित्रपटाच्या चुका आम्ही कशा टाळू? (पंचवटी)

चाळीस मिनिटांची एकांकिका धरली तर दोघांना पहिल्या सहा-सात मिनिटांत समोरासमोर आणा आणि पुढे तोडू नका. एकाला रंगमंचाबाहेर पाठवावंच लागलं तर तीन मिनिटांत परत आणा, आणि तो नसताना दुसऱ्याचं बोलणं त्याच्याबद्दलच असू द्या.

वीस वर्षांत काय घडलं ते एकमेकांना सांगायला लावू नका. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट ते बोलून दाखवायला लागले की प्रेक्षकाला लेखक दिसतो. त्याऐवजी पूर्वी दोघे मिळून सहज करायचे असं एक काम द्या : कुलूप उघडणं, खुणेच्या ठोक्यांनी निरोप देणं. आता एकाला चष्म्याशिवाय दिसत नाही, दुसऱ्याचा हात कापतो. काम अडलं की जुना राग आपोआप बाहेर येईल, त्याला वेगळं भाषण लागणार नाही.

गेलेल्या तिसऱ्या सहकाऱ्याच्या जागी नवं पात्र आणायचं असेल तर त्याला त्याचं स्वतःचं काम द्या, गेलेल्याची नक्कल नको. गेलेल्याची आठवण एका वस्तूवर ठेवा, ती एकदाच हाताळू द्या. तरुण पात्र हवंच असेल तर त्याला प्रश्न विचारायला ठेवा, मोहीम फत्ते करायला नको. १९८३च्या चित्रपटात नव्या एजंटाला दिलेला वेळ थेट जोडीच्या वाट्यातून गेला.

तालमीत संहितेच्या समासात दोन रंगांनी खुणा करा : दोघे एकत्र तिथे लाल, वेगळे तिथे निळा. सलग दोन पानं निळी दिसली की तिथेच थांबून पुन्हा लिहा. आणि पहिली पूर्ण तालीम झाल्यावर गटाबाहेरच्या एखाद्याला दाखवून एवढंच विचारा, की हे दोघे पूर्वी मित्र होते हे कितव्या मिनिटाला कळलं. उत्तर दहाच्या पुढचं आलं तर सुरुवात कापा.