दुतोंड्या मारुती कधी बोलणार?

वडिलांनी टेबलावर आधी करारपत्र ठेवलं, मग तीन जाडजूड फुलस्केप वह्या. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. कागदसुद्धा कडेला कड जुळवून ठेवतात.

"मॅडम, पोराचे दोन विषय राहिलेत. अन् हा साठ हजार मागतोय, पुस्तक छापायला. पुस्तकात काय, तर पाताळ, राक्षस आणि बोलणारा मारुती. वीस वर्षांचा झालाय. याचं डोकं ठिकाणावर आहे का, तेवढं सांगा."

मुलगा शेजारीच बसला होता, खिडकीतून कॉलेज रोडची वर्दळ बघत.

(दोघांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. कधी आई विचारते, कधी मुलगी स्वतः. मूल सतत कुठल्यातरी काल्पनिक जगात असतं, लिहीत बसतं, ही पळवाट तर नाही? आणि लिहिलेलं कोणी छापणार आहे का, की सगळा वेळ वाया? दोन्ही प्रश्न एकाच श्वासात येतात, म्हणून उत्तराचा गोंधळ होतो.

माझाही झाला. पहिल्याच भेटीत मी बोलून गेले, "आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, लिहिणं काय, नंतरही होतं." वडिलांनी जोरात मान डोलावली, तिथंच मला कळायला हवं होतं. फी देणारा मान डोलावतोय आणि ज्याच्यासाठी बसलोय तो खिडकीबाहेर बघतोय, म्हणजे आपण बाजू घेऊन मोकळ्या झालो. पुढचे तीन आठवडे मुलगा फिरकला नाही. वह्या मात्र माझ्याकडेच राहिल्या होत्या. शेवटी मीच फोन केला, "वाचू का रे?"

बराच वेळ पलीकडून काही नाही. मग, "वाचा. फक्त दुसऱ्या वहीतलं सातवं प्रकरण सोडा. ते फसलंय."

गोष्ट अशी. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना पुराचं माप म्हणून माहीत आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, यावरून गावात पूर मोजला जातो. या मुलानं 2016 च्या ऑगस्टमधला पूर लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला होता. त्याच्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न, मारुतीला दोन तोंडं कशाला? एक या जगाकडे, मग दुसरं कुठं बघतं? कादंबरीत पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं की दुसऱ्या तोंडासमोरचं दार उघडतं. आणि पंधरा वर्षांची एक मुलगी, आजोबांची पुराच्या नोंदींची वही घेऊन, त्या दारातून आत जाते.

मी रात्री दीडपर्यंत वाचत बसले, हे इथं कबूल करते.

पण समुपदेशक म्हणून माझं लक्ष गोष्टीपेक्षा खाडाखोडीकडे जास्त होतं. एकेका पानावर तीन रंगांची शाई. समासात बाण, 'हे आधी यायला हवं', 'आजोबा असं बोलणार नाहीत', 'पुन्हा पावसाचं वर्णन, पुरे'. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी 2002 मध्ये अशा दिवास्वप्नांविषयी लिहिलं, ज्यांत माणूस इतका गुंततो की अभ्यास, नोकरी, नाती मागे पडतात. पालकांना धास्ती असते ती याचीच. मात्र दिवास्वप्नात कोणी खाडाखोड करत नाही. तिथं नायक नेहमी जिंकतो, वाक्य कधी चुकत नाही, आणि सातवं प्रकरण फसलंय असं कोणी म्हणत नाही. फसलंय म्हणायला वाचणारा कोणीतरी समोर धरावा लागतो.

तिसऱ्या वहीत मात्र चाळीसेक पानं सलग, स्वच्छ. एकही शब्द खोडलेला नाही. लढाईमागून लढाई. पुढच्या भेटीत, या वेळी तो एकटा आला होता, मी ती पानं उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं बघितलं आणि हसला. "हा सबमिशन आणि पेपरचा महिना."

म्हणजे पळवाट अजिबात नव्हती असं नाही. होती, चाळीस पानांची, आणि ती त्याला स्वतःला ओळखता आली. मग झोप, मेस, मित्र, राहिलेले विषय यांवर आम्ही नेहमीच्या पद्धतीनं काम केलं. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. एवढंच ठरलं की परीक्षेच्या काळात नवीन लिहायचं नाही, हात शिवशिवलाच तर जुनं तपासायचं.

आता साठ हजारांकडे वळू. याला प्रकाशक मिळत नव्हता. का मिळत नव्हता, हे विचारल्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. अकरा प्रकाशकांना एकच ईमेल, सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत, एकमेकांना दिसतील असे. विषय, 'कादंबरी'. सोबत 1,40,000 शब्दांची अख्खी फाइल. एकाचंही उत्तर नाही. आणि या शांततेचा अर्थ त्यानं लावला होता, 'मी लेखक नाही'. आठव्या दिवशी बाराव्याच एका प्रकाशन संस्थेचा फोन आला. कादंबरी अप्रतिम आहे, 300 प्रती काढू, फक्त खर्चाचा वाटा म्हणून साठ हजार भरा. आठ दिवसांत कोणीतरी अप्रतिम म्हटलं, याला त्या वेळी किती किंमत असते हे मला समजतं. वडिलांनी मात्र दुसऱ्याच क्षणी भागाकार केला होता, "प्रत दोनशेला पडली. अन् छापायची जोखीम कोणाची? माझी."

मी प्रकाशन व्यवसायातली नाही. ओळखीतल्या एका निवृत्त मुद्रितशोधकांना आम्ही करार दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि एका कलमावर बोट ठेवलं. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट, सगळे हक्क कायमचे प्रकाशकाकडे. पैसेही लेखकाचे आणि हक्कही गेले! स्वखर्चानं पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पुष्कळ चांगली माणसं काढतात. पण मग हक्क आपल्याकडे हवेत आणि प्रती कुठं विकल्या जाणार हे कागदावर हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी लागतो; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमचे' हा शब्द कोणी मुद्दाम घातला असेल तर तिथं थांबून विचारायचं.

मुलाची आणखी एक भीती, कल्पना चोरली तर? लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क लिहिल्याक्षणीच येतो, नोंदणी सक्तीची नाही. नुसत्या कल्पनेवर मात्र कोणाचाच हक्क नसतो. पुराच्या पाण्यात उघडणारं दार उद्या आणखी कोणी लिहील. ते आजोबा मात्र त्याला लिहिता येणार नाहीत.

मुद्रितशोधक काकांचं पुढचं बोलणं त्याला माझ्या तीन सेशनपेक्षा जास्त उपयोगी पडलं, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. 1,40,000 शब्द म्हणजे साडेचारशेच्या वर पानं. नवख्या लेखकाचं, तेही कुमारवयीन वाचकांसाठी, एवढं जाड पुस्तक कोण काढेल आणि किंमत काय ठेवेल? आधी दुकानात जाऊन बघ, कुमारांसाठी अद्भुतरम्य किंवा साहसकथा कोण काढतंय. त्यांनाच पाठव, प्रत्येकाला नावानं वेगळं पत्र, एका पानात शेवटासकट कथासार, पहिली तीन प्रकरणं. मग तीन-चार महिने गप्प बस. तोवर एखादं प्रकरण कथा म्हणून स्वतंत्र उभं राहत असेल तर बालभारतीचं 'किशोर' आहे, 1971 पासून चालू आहे. दिवाळी अंक आहेत, पण त्यांना पावसाळ्यातच पाठवावं लागतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात आली की अर्ज कर.

"आणि वाचायला कोणाला दिलंस?" काकांनी विचारलं.

कोणालाच नाही. अकरा प्रकाशकांना पाठवलं, पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्या वयाच्या एकाही पोराला नाही. मला खरी गाठ इथं दिसली. प्रकाशक नाही म्हणाला तर त्याला धंदा कळत नाही म्हणता येतं. आठवीतल्या पोरानं पुस्तक बाजूला ठेवलं तर काय म्हणणार?

सिडकोत त्याची आत्या राहते, तिचा मुलगा आठवीत. त्याला पहिली शंभर पानं दिली. तो चाळीसाव्या पानावर थांबला आणि विचारलं, "दादा, मारुती कधी बोलणार?" मारुती एकशे बाराव्या पानावर बोलत होता. आमचा लेखक दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी सुरुवातीची सत्तर पानं काढून टाकली, त्यात रात्री दीडपर्यंत मला जागवणारी चार-पाच पानंही गेली. मला वाईट वाटलं, त्याला नाही.

करारावर सही झाली नाही. दोनपैकी एक विषय सुटला. दोन प्रकाशकांचे नकार आले, त्यातल्या एकात 'भाषा चांगली, मध्यभाग रेंगाळतो' अशी ओळ होती. ती त्यानं वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलीय. तिसऱ्याकडून अजून काही नाही.

मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा मार्कांचं काहीतरी.

"मॅडम, वाचली मी. सगळी नाही, पुरापर्यंत. यानं गाडगे महाराज पुलाखालचं पाणी उलटं रामकुंडाकडे नेलंय. मी म्हटलं, अरे नदी अशी वाहत नाही. तर म्हणतो, कादंबरीत चालतं." जरा थांबून म्हणाले, "चालतं का हो?"