आधी शोधा, मग सुचवा

प्रश्न : विंडोज ११ वापरताना सारखं काही ना काही सुचत असतं. नवं कॉपी केलं की आधीचं का पुसलं जावं? टास्कबारवर नुसती चिन्हं का, फाइलचं नाव का नाही? अशा बऱ्याच सूचना वहीत जमल्यात. त्या पाठवायच्या कुठे? आणि एवढी मोठी कंपनी माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाचं ऐकेल का?
— एक वाचक, विटा

उत्तर : वही ठेवलीत ते उत्तम. आता पेन घ्या आणि पहिल्या दोन सूचना खोडा, कारण त्या दोन्ही सोयी तुमच्या संगणकात आत्ता आहेत.

विंडोजची कळ धरून व्ही दाबा. पहिल्या वेळी सोय चालू करायची का असं विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी त्या चौकटीत थांबतात. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून आहे, पण माझ्या डीटीपीच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तिचा पत्ता नसतो. त्या यादीतल्या ओळीला पिन लावली की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी ती जात नाही. लग्नसराईत माझ्याकडे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘हेच आग्रहाचे निमंत्रण’पर्यंत सगळं पिन करून ठेवलेलं असतं, नावं आणि मुहूर्त तेवढे नव्याने टाइप करायचे. एक मात्र सांभाळा. कॉपी केलेला पासवर्डही याच यादीत येऊन बसू शकतो. संगणक घरात चौघं वापरत असाल तर उठताना ‘क्लिअर ऑल’ करा.

फाइलच्या नावांचं थोडं वेगळं आहे. २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा ती सोय खरोखरच काढून टाकलेली होती. फाइल ओढून टास्कबारवरच्या चिन्हावर नेण्याचीही सोय गेली होती. लोकांनी आरडाओरडा केला. ओढण्याची सोय २०२२ मध्ये परतली, नावं २०२३ मध्ये. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे टास्कबार, आणि तिथे बटणं एकत्र करण्याचा पर्याय ‘नेव्हर’ ठेवा.

ऐकतात का, याचं उत्तर यातच आहे. काढून घेतलेली गोष्ट परत मिळवणं सोपं, नवी मिळवणं अवघड. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्टचं बटण काढलं. पुढच्याच वर्षी ते ८.१ मध्ये परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये अख्खा मेनूच आला. कारण हरवलेल्या वस्तूबद्दल सगळे एकच तक्रार करतात. नव्या सोयीबद्दल प्रत्येकाची कल्पना निराळी, त्यामुळे मतं विखुरतात. फोल्डरच्या खिडकीत टॅब हवेत ही मागणी किती जुनी! त्या दिशेने ‘सेट्स’ नावाचा एक प्रयोग २०१८ च्या सुमारास चाचणीत होता, तो गुंडाळला गेला, आणि टॅब आले ते २०२२ मध्ये.

वहीत उरलेल्या सूचनांसाठी विंडोज कळ धरून एफ दाबा. ‘फीडबॅक हब’ उघडेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागेल. या कळा दाबताच पडद्याचं चित्रही आपोआप टिपलं जातं, म्हणून त्या वेळी पडद्यावर काय उघडं आहे ते बघा. माझ्याकडे बहुधा कुणाच्या तरी घरचा पत्ता आणि फोन नंबर असतो. असं चित्र मी पाठवण्याआधी काढून टाकते. मग तीच सूचना आधी कुणी केली आहे का ते शोधा. सापडली तर नवी लिहू नका, तिलाच मत द्या. एकाच मागणीचे वीस अर्ज वीस जागी पडले की एकाचंही वजन राहत नाही.

नसेल सापडली, तर एका अर्जात एकच गोष्ट लिहा. ‘पूर्वीसारखं करा’ याने कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘मी चार वर्ड फाइली उघड्या ठेवून काम करतो. चारही एकाच चिन्हाखाली जातात. हवी ती शोधायला दर वेळी माउस नेऊन थांबावं लागतं. प्रत्येकीचं नाव दिसावं.’ काय करत होतो, कुठे अडलो, काय हवं; बस्स. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. रागाचं वाक्य शेवटी खोडा. आणि हो, कारकुनी केलेल्या माणसाइतका मुद्देसूद अर्ज दुसरं कोण लिहिणार?

प्रश्न : संगणक आणि फोन दोन्ही मराठीत ठेवलेत. महिन्यांची संक्षिप्त रूपं, तारखेची मांडणी हे कोण ठरवतं? आपल्याला बदल सुचवता येतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुतेक ठिकाणी ही माहिती युनिकोड कन्सॉर्शियमच्या (जगभरच्या लिप्या संगणकावर नीट उमटाव्यात म्हणून काम करणारी संस्था) ‘सीएलडीआर’ या सामायिक साठ्यातून येते. ‘फेब्रु’, ‘सप्टें’, ‘नोव्हें’ ही रूपं तिथलीच. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघेही हा साठा वापरतात, त्यामुळे इथे एक शब्द सुधारला तर त्याचा फायदा कुठल्याही एका कंपनीच्या पेटीत टाकलेल्या सूचनेपेक्षा मोठा. त्यांच्या ‘सर्व्हे टूल’वर खातं मागून मराठीसाठी पर्याय सुचवता येतो, इतरांच्या पर्यायांना मतही देता येतं. नोंदी घेण्याचा काळ मात्र ठरावीक असतो, बारा महिने नाही. व्याकरणावर हिरिरीने भांडणारी आपली मंडळी तिकडे वळली तर मला आनंद होईल. जाताना आधार म्हणून शब्दकोश किंवा छापील वापराचे दाखले घेऊन जा. ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ एवढ्यावर भागत नाही.

प्रश्न : लिनक्स मिंट वापरतो. तिथे सूचना कुणाला करायची?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी, मिंटचीच मंडळी लिहितात. गिटहब या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्यांच्या पानावर नोंद करा. इथे मतांच्या संख्येपेक्षा काम करणारा माणूस मिळणं महत्त्वाचं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने २००८ मध्ये ‘ब्रेनस्टॉर्म’ नावाची मतदानाची जागा उघडली होती. तिथे कल्पनांचा ढीग साचला आणि २०१३ मध्ये ती बंद झाली. तुमच्या नोंदीत मिंटची आणि सिनॅमनची आवृत्ती लिहा, आणि समोरून काही विचारणा झाली तर दोन दिवसांत उत्तर द्या. उत्तर न आलेल्या नोंदी बंद होऊ शकतात.