जेवताना घरात राजकारणाच्या गप्पा बंद कराव्यात का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही लग्न होऊन पुण्याहून गोव्यात फोंड्याला आलात. सासरे रात्री जेवायला बसले की सकाळचा पेपर तोंडी लावतात, चौथीतला मुलगा ताटातला भात तसाच ठेवून ऐकत बसतो आणि शाळेत जाऊन तेच बोलतो. बाईंनी तक्रारही केली. आता हे बोलणं बंद कसं करायचं आणि मुलगा पोटभर कसा जेवेल, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: बंद करू नका. अजिबात करू नका. माझा थोरला भाऊ हेच सांगत आलाय, "जेवतना राजकारण नाका", आणि मी त्याच्याशी याच एका गोष्टीवरून भांडत आलेय. त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

जुलै 2018 गोव्यातल्या कोणाला आठवत नसेल? मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मलिन सापडल्याची बातमी आली, तो महिना. मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर 1 जून ते 31 जुलै बंद, म्हणजे ताजं म्हणून बाजारात येणारं बरंचसं नुस्तं, म्हणजे मासळी, राज्याच्या सीमेवरच्या पोळे किंवा पत्रादेवी नाक्यावरून ट्रकातून आलेलं. त्यात श्रावण तोंडावर, म्हणजे घराघरांत रोज मासे. दादा, वहिनी आणि भाचा डिचोलीला आमच्याकडे राहायला आले होते. दीरही आले होते. दादाला आवडते म्हणून मी बांगड्यांची उडदामेथी केली होती. उडीद मंद आचेवर लाल होईपर्यंत भाजायचे, मेथी कडू होऊ द्यायची नाही, सगळं काम त्या भाजण्यात आहे. ती जमली होती. घरभर वास सुटला होता, ताटं मांडून झाली होती आणि बाहेर टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. तेवढ्यात सासरे आत आले आणि म्हणाले, "बाय, तें वाडूं नाका."

सगळे थांबले. लेक तेव्हा चौथीत, तुमच्या मुलाएवढीच. तिने विचारलं, "आजोबा, फॉर्मलिन म्हणजे काय?"

दादा लगेच म्हणाला, "पोरांमुखार हें कित्याक?" पोरांसमोर हे कशाला?

माझे सासरे मास्तर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एका शाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलाने विचारलेला प्रश्न त्यांनी कधी टाळलेला नाही. त्यांनी तिला विचारलं, हायस्कुलाच्या कपाटात बाटलीत ठेवलेला साप तू पाहिलास ना, तो सडत का नाही? ज्या पाण्यात तो ठेवलेला असतो, ते हे. मासा कुजू नये म्हणून कोणी ते लावत असेल तर ते आपल्या पोटात जातं.

मग त्यांनी बातमी सांगितली. बाजारात केलेल्या तपासणीत सापडलं म्हणाले, आणि नंतर प्रयोगशाळेचा अहवाल आला की मर्यादेतच आहे. लेक म्हणाली, "घालायचंच नसतं, तर मर्यादा कसली?" नऊ वर्षांची पोर. विधानसभेत विचारायचा प्रश्न तिने आमच्या स्वयंपाकघरात विचारला. सासऱ्यांनी तिला समजावलं की मासा मेल्यावर त्याच्या अंगात थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं. मुद्दाम घातलेलं कुठलं आणि आपोआप झालेलं कुठलं, हे नुसतं बघून कळत नाही. त्याला यंत्रं लागतात, शिकलेली माणसं लागतात. तर माझा भाचा, जो तोवर गप्प होता, म्हणाला, "मग ती माणसं नाक्यावर का नाहीत?"

मला सांगा, हे राजकारण नाही तर काय आहे? आणि याहून चांगलं राजकारण मोठी माणसं तरी कुठे बोलतात?

दिरांनी त्यात आपलं दुःख काढलं. खाणीवर चालणारे त्यांचे ट्रक 16 मार्चपासून उभे होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत 88 खाणपट्टे रद्द केले आणि त्या तारखेपासून खाणी बंद करायला सांगितल्या. 2012 साली पहिल्यांदा खाणी बंद पडल्या तेव्हाही त्यांनी सोसलं होतं, हप्ते पुढे ढकलले होते, पण या वेळी त्यांची उमेद गेली होती. ते म्हणाले, मासळीसाठी सगळा गोवा बोलेल, आमच्यासाठी कोण बोलणार? सासरे म्हणाले, डोंगर पोखरून शेतांत माती आली, झरी आटल्या, तेव्हा तुम्ही तरी कुठे बोललात? आवाज चढले, खरं आहे. पण दोघांपैकी कोणी उठून गेलं नाही. उठला तो दादा. "हांगा जेवण जायना, सभा जाता," असं म्हणून हात धुवायला गेला.

उडदामेथी सगळी टाकली. कोणाचीच हिंमत झाली नाही. मी पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा डबा उघडला, सुकी सुंगटं (कोळंबी) काढली, डोकी-शेपट्या मोडून तव्यावर कुरकुरीत भाजली, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरचीची पूड आणि भिजवलेली चिंच घालून किसमूर कालवली. सोबत गरम शीत, म्हणजे भात, आणि सोलकडी. दोन्ही मुलांनी परत परत भात मागून घेतला. दादाची वहिनीकडे कायम तक्रार असते की मुलगा जेवत नाही. त्या रात्री तो जेवला, कारण त्याला कोणीतरी मोठ्यांच्या बोलण्यात घेतलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता मला कोणी सांगावं की ताट वेगळं आणि राजकारण वेगळं. दिरांच्या घरात त्या वर्षी महागड्या इसवणाच्या (सुरमईच्या) जागी स्वस्त तारले आले, ते कोणाच्या सहीने? तुमच्या मुलाच्या शाळेत दुपारी पावभाजी का मिळते, शीत-कडी का नाही, ती भाजी गावातल्या ज्या बायकांचा गट करतो त्यांना बिलाचे पैसे कधी मिळतात, हे त्याने विचारायचं नाही का? मुलाला मराठी शाळेत घालावं की इंग्रजी, यावर 2011 पासून या राज्यात सरकारं हलली, माणसं एकमेकांपासून तुटली. तुमच्याही घरात तो निर्णय झालाच असेल. तो काय हवेत झाला? म्हादई नदीच्या पाण्याच्या वादाचं तर मी बोलतच नाही, ते सुरू झालं की उत्तर संपायचं नाही.

दादाचं म्हणणं असं आहे की राजकारणाने आमचं माहेरचं घर मोडलं. हे तो प्रत्येक चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सांगतो, म्हणून इथे लिहितेच. आमचं माहेर तुमच्याच फोंडा तालुक्यातलं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला, त्यात आजोबांनी फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला मत दिलं आणि त्यांच्या धाकट्या भावाने दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला. विलीनीकरण 34,021 मतांनी पडलं. दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या, म्हणून बाबांनी नियम केला की ताटावर राजकारण नाही, आणि तोच नियम तो आपल्या घरात चालवतो.

हे खोटं आहे, आणि मी ते कागदावर दाखवू शकते. आईच्या पेटीत वाटणीचा कागद होता, तो आता माझ्याकडे आहे. साल 1964. त्यात माड किती, पोफळी किती हे तर आहेच, पण अर्धं पान नुसतं पाटाच्या पाण्यावर खर्च झालंय: कुठल्या वारी पाणी कोणाच्या कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, कोणी आणि कधी आडवायचं, पावसाळ्याआधी पाट कोणी साफ करायचा. भांडण पाण्याचं होतं. चुली कौलाच्या तीन वर्षं आधीच वेगळ्या झाल्या होत्या. पाण्यावरून भाऊ भांडले हे सांगायला लाज वाटते, म्हणून कौलाचं नाव पुढे केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कौलावरून बोलणं तुटलं म्हणावं, तर 12 ऑगस्ट 1973 ला भाऊसाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा आजोबांच्या सोप्यावर पहिले येऊन बसले ते दोन पानंवाले धाकटे आजोबाच. आई हे कितीदा तरी सांगायची. दादानेही ऐकलंय.

गोव्याच्या लोकांनी तेव्हा विलीनीकरण नाकारलं आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत विलीनीकरण मागणाऱ्या, भाऊसाहेबांच्या मगोपच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) हाती राज्य परत दिलं. एवढं पचवलेली माणसं आमची. त्यांच्या नातवंडांना ताटावर गप्प बसवायचं?

गप्प बसवलं की काय होतं तेही सांगते. बाबांच्या त्या नियमामुळे आम्हा भावंडांना आमच्याच घराचा इतिहास शेजाऱ्यांकडून कळला, तोही वाकडातिकडा. दादा आजही तो वाकडा इतिहासच धरून बसलाय.

बाईंच्या तक्रारीचं म्हणाल, तर मुलाला एकच सवय लावा. शाळेत बोलताना "आमचे आजोबा म्हणतात" असं म्हणायचं, "असंच आहे" असं नाही. आमच्या लेकीला हे लावल्यावर बाईंची कुरबुर थांबली. शिवाय तीच घरी येऊन आजोबांना सांगायला लागली की तिच्या मैत्रिणीचे बाबा वेगळं म्हणतात. सासऱ्यांना ते ऐकून घ्यावं लागलं.

जेवणाचं उत्तर मला खरं तर थोडक्यातच द्यायचंय. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की तुम्ही मुलाला गरम उंडो (गोल पाव) देत असणार. सगळ्याच देतो. तो सहाला पोटात गेला की नऊला भात कसा जाणार? उंडो सकाळच्या चहाला द्या, संध्याकाळी एखादं केळं. बाकी तो ऐकता ऐकता हळू जेवत असेल तर जेवू दे. उशीर होतो, खरकटं वाळतं, एवढंच ना.

आता काही गोष्टी तुमच्या घरच्या मला माहीत नाहीत, म्हणून सांगून ठेवते. सासरे शिव्या देत असतील, शेजाऱ्याची जात किंवा धर्म काढत असतील, तर ते राजकारण नव्हे. तिथे नवऱ्याला पुढे करा आणि मुलासमोरच त्यांना थांबवा. मुलाला बघू द्या की आजोबांनाही थांबवता येतं. मूल घाबरत असेल, रात्री दचकत असेल, तर अपघाताच्या आणि खुनाच्या बातम्या ताटावर नकोत. निवडणुकीच्या महिन्यात दोन भाऊ दोन पक्षांची कामं करत असतील, तर तेवढे दिवस मुलांना आधी वाढलेलं बरं, हे मीही करते.

आणि मोबाईलवर आलेलं वाचून दाखवायला आमच्या ताटावर बंदी आहे. सासऱ्यांना हे पटत नाही, ते माझ्यावर अजून धुसफुसतात, पण मी ऐकत नाही. पेपर चालतो. खोटं निघालं तर जाब कोणाला विचारायचा, ते त्यावर छापलेलं असतं.