गुडघा किती दुखतो आणि पाय किती चालतो

प्रश्न : माझ्या आईचे वय ६७ आहे. आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून एक्स-रे पाहून डॉक्टरांनी 'तिसरी श्रेणी' असे सांगितले. फिजिओथेरपिस्टनी पहिल्या दिवशी 'शून्य ते दहापैकी दुखणे किती' असे विचारले, तेव्हा तिने सात सांगितले. मग व्हरांड्यात सहा मिनिटे चालवले, तेव्हा २४० मीटर अंतर झाले. तीन महिने नियमित व्यायाम केल्यावर अंतर ३२५ मीटर भरले, पण दुखण्याचा आकडा सहावरच आहे आणि नवा एक्स-रे अगदी जुन्यासारखाच आला. आई म्हणते, 'दुखणे आहे तिथेच आहे, बसभाडे उगाच कशाला घालवायचे?' यातला कोणता आकडा खरा मानावा, आणि व्यायाम चालू ठेवावा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : व्यायाम अवश्य चालू ठेवावा. तुम्ही दिलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र ते तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात, आणि त्यांच्यापैकी एकावरून दुसऱ्याचा निकाल लावला की तुमच्या आईंसारखा निराशेचा निष्कर्ष निघतो.

एक्स-रेचा विषय आधी संपवू. श्रेणी ठरवण्याची ही पद्धत केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. हाडांच्या कडांना आलेली टोके आणि दोन हाडांमधली कमी झालेली फट पाहून शून्य ते चार अशी श्रेणी दिली जाते. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी म्हणजे कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, आणि तिच्यात संवेदना वाहून नेणाऱ्या नसाही नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे आवरण आणि स्नायू. म्हणूनच चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन शेतात वावरणारी माणसे भेटतात आणि दुसऱ्या श्रेणीत रात्रभर कण्हणारीही भेटतात. व्यायामाने हाडांमधली फट वाढत नाही, तेव्हा व्यायामाचा गुण आला का हे पाहण्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढण्याची गरजच नव्हती.

आता दुखण्याचा आकडा. वेदना मोजणारे यंत्र नाही. ज्याला दुखते त्याचे सांगणेच प्रमाण मानावे लागते, आणि ते मानलेच पाहिजे. परंतु 'दुखणे किती' हा प्रश्न अर्धवट आहे. आत्ता या क्षणी किती, गेल्या आठवड्यातले सर्वसाधारण किती, की सर्वांत जास्त दुखले तेव्हा किती? चवथीच्या धावपळीनंतर दुसऱ्याच दिवशी विचारलेला आकडा आणि पावसाळ्यातल्या एखाद्या निवांत दुपारी विचारलेला आकडा एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. दुखण्याची गोळी तासाभरापूर्वी घेतली होती का, हेही नोंदवलेले असावे लागते. शिवाय दुखणे मुळातच वरखाली होत असते आणि माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा ते वर गेलेले असताना, त्यामुळे पहिला आकडा पुष्कळदा चढाच असतो. हे सारे ध्यानात घेऊन दीर्घकालीन दुखण्यात दहापैकी सुमारे दोन अंकांचा किंवा मूळ आकड्याच्या सुमारे ३० टक्क्यांचा उतार रुग्णाला खरोखर जाणवणारा मानतात. सातावरून सहा हा फरक त्यापेक्षा कमी आहे. म्हणजे दुखणे फारसे कमी झाले नाही हे आईंचे म्हणणे बरोबर आहे आणि ते कोणी खोडून काढू नये.

पण ते सात कोणते काम करताना होते आणि हे सहा कोणते काम करताना आहे, हे त्यांना शांतपणे विचारून पाहा. गुडघा दुखू लागला की माणूस नकळत कामे टाळू लागतो. देवळाच्या पायऱ्या सोडून तो खालूनच हात जोडतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला दुसऱ्याला धाडतो, जमिनीवर बसणे बंद करतो. अशा आखडलेल्या दिवसातले सात आणि पुन्हा हिंडू-फिरू लागलेल्या दिवसातले सहा यांत फार मोठे अंतर आहे. अंगात बळ आले की माणूस दुखेल तिथपर्यंत जास्तीचे काम करतो, आणि आकडा जागच्या जागी राहतो. माझ्या मते गुडघ्याच्या रुग्णाच्या कागदावर दुखण्याचा आकडा कामाच्या नावाशिवाय लिहूच नये. 'सपाटीवर दहा मिनिटे चालल्यावर चार, जिना उतरताना सात' अशी नोंद एका मोघम सहापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

चालण्याची चाचणी याच कारणासाठी वेगळी घेतात. सहा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो हे मोजताना शक्यतो ३० मीटर लांबीचा सपाट व्हरांडा वापरतात. व्हरांडा आखूड असला तर वारंवार वळावे लागते आणि अंतर कमी भरते. चप्पल, काठी, दिवसाची वेळ आणि बाजूला उभे राहून दिले जाणारे प्रोत्साहन हे सगळे दोन्ही वेळी सारखे असावे लागते. सांधेबदल शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात, सुमारे ६० मीटरांपेक्षा कमी फरक हा चाचणीतला नेहमीचा चढउतार असू शकतो, असे दिसले होते. तुमच्या आईंचे अंतर ८५ मीटरांनी वाढले आहे. दुसऱ्या खेपेला चाचणीची सवय झालेली असल्यामुळे थोडी वाढ आपोआप होते, ती वजा केली तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र या चाचणीत हृदय आणि फुप्फुसेही चालत असतात, म्हणून वाढलेले सारे श्रेय गुडघ्याला देता येणार नाही. आईंना दम कमी लागत असेल, तर तोही व्यायामाचाच लाभ आहे.

प्रश्नावल्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या भेटीत कदाचित एक समोर येईल. कॅनडात तयार झालेल्या 'वोमॅक' प्रश्नावलीत २४ प्रश्न असतात : पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे आणि सतरा दैनंदिन हालचालींचे. तिच्या मूळ रूपात मोजे घालणे आणि बाथटबमध्ये उतरणे आहे. पाटावर बसणे नाही, मांडी घालणे नाही, उकिडवे बसणेही नाही. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने भारतीय राहणीला धरून तिचे सुधारित रूप केले, ते याच अडचणीमुळे. प्रश्नावलीचा आणखी एक स्वभाव ओळखून असावे : दुखणे कमी असलेल्या दिवशी रुग्ण चालण्याच्या प्रश्नांनाही सढळ उत्तरे देतो, मग प्रत्यक्ष चाल तेवढीच का असेना. त्यामुळे सांगणे आणि चालणे ही दोन्ही मोजावीत.

आपल्या घरांत एक गोष्ट अगदी जवळून पाहता येते. नारळ खवून झाल्यावर आई विळीवरून कशा उठतात ते बघा. आधी हात जमिनीला लागतो की भिंतीला, एक हात लागतो की दोन, कोणता पाय पुढे घेतात, उठल्यावर पहिले पाऊल टाकण्याआधी किती वेळ थांबतात. हे चार शब्दांत तारखेसह वहीत लिहा आणि महिन्याने पुन्हा लिहा. फिजिओथेरपिस्टना ही वही दाखवा; व्यायाम कुठे वाढवायचा हे त्यांना त्यातून नेमके कळेल, आणि आईंनाही आपली वाटचाल दहाच्या मापाबाहेर दिसेल.

प्रश्न : माझे वय ५९. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे. दर वेळी इस्पितळात न जाता घरीच प्रगती मोजता येईल का? मोबाईल दाखवतो ती पावले पुरेशी आहेत का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मोजता येईल. ओएआरएसआय या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१३ साली गुडघ्याच्या रुग्णांसाठी ज्या चाचण्या सुचवल्या, त्यांतल्या दोन घरी सहज होतात. पहिलीसाठी बिनहातांची, सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून उभे राहता ते मोजा. दुसरीसाठी सपाट जागेवर १० मीटर आखून घ्या आणि ते अंतर चार वेळा, जमेल तितक्या जलद पण तोल सांभाळून चाला. वळण्याचा वेळ सोडून सेकंद मोजा. दोन्हींच्या आधी आणि नंतर दुखण्याचा आकडा लिहा. महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच पादत्राणांत आणि शक्यतो त्याच वेळी मोजणे पुरेसे आहे. रोज मोजल्याने जीव टांगणीला लागतो, हाती काही येत नाही. घड्याळ धरायला आणि सावरायला कोणीतरी शेजारी हवेच. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर वेळ लावून चढउतार करण्याच्या फंदात पडू नका.

मोबाईलची पावले तुम्ही किती चाललात ते सांगतात, किती चालू शकता ते नाही. फोन टेबलावर राहिला की चालणे बुडाले. संथ किंवा पाय ओढत चालणाऱ्याची पावले कमी मोजली जातात. आठवड्याची सरासरी पाहून आपण घरात किती बसून राहिलो याचा अंदाज घ्या, तेवढ्यापुरते ते उपयोगी आहे.

गुडघा गरम होऊन सुजला असेल, तापही असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, तर कोणतीही चाचणी न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दुखले किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तिथेच बसा आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्या.