प्राणिप्लवक, सूक्ष्मजीव आणि जवळा

विचारणा अशी आहे : उष्ण कटिबंधातल्या किनारी पाण्यावरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘झूप्लँक्टन’साठी ‘पाण्यावर तरंगणारे सूक्ष्मजीव’ चालेल का? ‘प्राणिप्लवक’ फार बोजड वाटेल का? आणि कोकणातला जवळा त्यात धरायचा की नाही?

‘प्राणिप्लवक’च वापरावा. मराठी विश्वकोशातही ‘प्लवक’ हीच संज्ञा आहे. पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगितला की पुढे वाचक अडखळत नाही. ‘पाण्यावर तरंगणारे सूक्ष्मजीव’ मात्र नको, कारण त्यातले दोन्ही शब्द दिशाभूल करतात.

आधी ‘सूक्ष्मजीव’ घेऊ. हा शब्द मराठीत जिवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव यांच्यासाठी पक्का झाला आहे. शाळेतल्या पुस्तकापासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत त्याचा तोच अर्थ घेतात. प्लवक ठरतो तो आकारावरून नव्हे, तर प्रवाहापुढे काही चालत नाही यावरून. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हा शब्द ‘भटकणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून रूढ केला. ज्याला प्रवाहाविरुद्ध जाता येत नाही, पाणी नेईल तिकडे ज्याला जावे लागते, तो प्लवक; त्यातला प्राणी तो प्राणिप्लवक, वनस्पतीसारखा तो वनस्पतिप्लवक. म्हणून हातभर व्यासाचा जेलीफिशही प्राणिप्लवकच, आणि तो काही सूक्ष्म नाही. अभ्यासक आकाराचे गट वेगळे पाडतात : ०.०२ ते ०.२ मिलिमीटर, ०.२ ते २० मिलिमीटर, २ ते २० सेंटिमीटर आणि त्याहून मोठे. किनारी पाण्यात जाळ्याने गोळा केलेल्या नमुन्यात संख्येने बहुधा दुसरा गट वरचढ असतो, आणि त्यातही कोपेपॉड. हे अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे कवचधारी प्राणी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे दूरचे नातलग. त्यांना ‘किडे’ किंवा ‘जंतू’ म्हणू नये. कीटक खुल्या समुद्रात जवळपास नाहीतच. हॅलोबेटिस नावाचा पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा कीटक हा ठळक अपवाद.

आता ‘तरंगणारे’. संस्कृत ‘प्लु’ धातूत तरंगणे, पोहणे, उडी मारणे असे तिन्ही अर्थ आहेत. ‘प्लव’ म्हणजे तराफा, ‘प्लवग’ म्हणजे बेडूक किंवा माकड, आणि भौतिकशास्त्रातले ‘उत्प्लावक बल’ही याच घरातले. त्यामुळे ‘प्लवक’ हा शब्द नुसत्या तरंगण्यापेक्षा जास्त सामावून घेतो, आणि इथे त्याची गरज आहे. बहुतेक कोपेपॉड पाण्यापेक्षा किंचित जड असतात. पोहणे थांबवले की ते हळूहळू बुडतात. समुद्राचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून उजेडाकडे धरा. ठिपक्याएवढे जीव क्षणभर स्थिर राहून खाली सरकतात आणि एकदम झटका देऊन वर उसळतात. पृष्ठभागावर खरोखर तरंगणारे जीव वेगळे : पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागणारा जेलीफिशसारखा निळा फायसॅलिया, किंवा निळ्या बटणासारखा पॉर्पिटा.

वाहून जाणे म्हणजे निव्वळ असहायता, असेही लिहू नये. अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात. खाडीतल्या काही जाती भरतीच्या वेळी वर येऊन पाण्याबरोबर आत सरकतात आणि ओहोटीला तळाजवळ उतरतात. तळाजवळ प्रवाह मंद असतो, म्हणून समुद्रात फेकले न जाता त्या खाडीतच टिकतात. आडवे जाणे त्यांच्या हाती नाही, वर-खाली जाणे आहे. लेखात ‘प्रवाहावर अवलंबून असलेले’ म्हटलेत तर नेमके बसेल.

जवळ्याचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. जवळा म्हणजे ॲसेटिस इंडिकस, दीड ते चार सेंटिमीटरची पारदर्शक झिंग्यासारखी जात. तो पोहतो, थवा करतो, पण भरती-ओहोटीच्या ओढीपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून त्याला प्लवक आणि स्वबळावर पोहणारे जलचर यांच्या सीमेवर ठेवतात, आणि प्राणिप्लवकांच्या नमुन्यात तो मोजलाही जातो. डोलीचे जाळे याच गुणावर चालते : शंकूसारखी लांब पिशवी, तोंड प्रवाहाकडे रोवलेले, शेपटाकडे आस, म्हणजे जाळीचे छिद्र, अगदी बारीक. जाळे जागचे हलत नाही, पाणीच जवळा आत आणून सोडते. प्रवाह मंदावला की जाळे उचलायचे. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत कमी, आणि मिळकतही त्या हिशेबाने बदलते. बोंबील हा जवळ्याचा मोठा भक्षक, म्हणून दोन्ही पुष्कळदा एकाच डोलीत येतात. तेव्हा ‘जवळ्यासारखे प्राणिप्लवक’ असे उदाहरण द्यायला हरकत नाही. पण झूप्लँक्टनचे भाषांतर सरसकट ‘जवळा’ करू नये, आणि करंदीसारख्या दुसऱ्या लहान कोळंबीचे नावही त्याच्या जागी घालू नये.

लेखात ‘काही काळापुरते प्लवक’ ही कल्पना नक्की येईल. कोपेपॉड, बाणकृमी हे जन्मभर प्लवक असतात. कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले, खेकडे, कोळंबी, खडकाला चिकटणारे बार्नेकल यांची फक्त पिल्ले प्लवक असतात, आणि नंतर ती तळाशी किंवा खडकावर बस्तान बसवतात. यांना ‘आजन्म प्लवक’ आणि ‘अल्पकालीन प्लवक’ म्हणावे. किनारी पाण्यात दुसऱ्या गटाचा वाटा मोठा असतो, कारण तळ जवळ असतो. गोव्यातल्या मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या मुखांत मोसमी पावसात खारेपणा कोसळतो, तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या जाती मागे हटतात आणि गोड्या-निमखाऱ्या पाण्यातल्या पुढे येतात. पाऊस ओसरला की पुन्हा उलट. ‘उष्ण कटिबंधात वर्षभर सारखेच’ असे वाक्य मूळ लेखात असेल, तर ते आपल्या किनाऱ्याला लागू नाही. इथला ऋतू तापमानापेक्षा पाऊस ठरवतो.

जाळ्याविषयीचा मजकूर भाषांतरात हमखास चुकतो. इंग्रजीतला ‘मेश’ म्हणजे आस किंवा जाळीचे छिद्र, जाळ्याचे तोंड नव्हे. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १ चौरस मीटर तोंडाचे आणि ०.३३ मिलिमीटर आसेचे प्रमाणित जाळे वापरले. त्यातले नमुने कोचीच्या केंद्रात गटवार वेगळे केले गेले. खुल्या समुद्राला ती आस ठीक, पण उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावरचे पुष्कळ कोपेपॉड आणि त्यांची पिल्ले इतकी लहान असतात की ती त्यातून निसटतात. म्हणून किनाऱ्यावर ०.२ किंवा ०.१ मिलिमीटरची आस लागते. ५० सेंटिमीटर व्यासाचे जाळे दीड नॉट वेगाने ५ मिनिटे ओढले, तर हिशेबाने सुमारे ४५ घनमीटर पाणी गाळले जायला हवे. प्रत्यक्षात गाळाने किंवा वनस्पतिप्लवकांच्या चिकट थराने आस बुजते, पाणी तोंडावरूनच बाजूला वळते आणि आकडा फसतो. म्हणून तोंडात प्रवाहमापक बसवतात आणि गढूळ पाण्यात ओढण्याचा वेळ कमी करतात. नमुना ४ ते ५ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यात बोरॅक्स घालून. नुसते फॉर्मॅलिन कालांतराने आम्ल होते आणि शिंपल्यांच्या पिल्लांची कवचे विरघळवते. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिन नको, अल्कोहोल हवे. जेलीफिश आधी वेगळे काढून मोजतात, नाहीतर एकाच जेलीने सगळ्या नमुन्याचे घनफळ फुगते.

‘सूक्ष्म अपृष्ठवंशी’ आणि ‘प्राणिप्लवक’ हे पर्याय म्हणून वापरू नका. माशांची अंडी आणि पिल्ले प्राणिप्लवकांत येतात, पण मासे पृष्ठवंशी. उलट वाळूच्या कणांच्या फटीत राहणारे सूत्रकृमी आणि तळावरचे कोपेपॉड सूक्ष्म आणि अपृष्ठवंशी असले, तरी ते प्लवक नव्हेत, तळजीव आहेत. मूळ लेखात दोन्ही शब्द एकत्र आले असतील, तर ते बहुधा पाण्यातले आणि वाळूतले असे दोन वेगळे गट आहेत. वाक्य तोडूनच भाषांतर करा.

लेखनाबद्दल : ‘प्राणी’ आणि ‘वनस्पती’ सुटे लिहिताना दीर्घ, समासात ऱ्हस्व. ‘प्राणिसंग्रहालय’, ‘वनस्पतिशास्त्र’ तसेच ‘प्राणिप्लवक’, ‘वनस्पतिप्लवक’. शब्द जोडूनच लिहावा. लिंग पुल्लिंगी धरले की सोपे जाते : एक प्लवक, अनेक प्लवक, प्लवकांचा, प्लवकांमध्ये. समूह सांगायचा असेल तर ‘प्राणिप्लवकांचा थवा’ म्हणू नका, थव्यात एकत्र हालचाल अभिप्रेत असते. ‘प्राणिप्लवकांची दाटी’ बरोबर, आणि मोजमाप देताना ‘एका घनमीटरमागे इतके’.