मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फॉर्ममध्ये पेज-डाऊन दाबलं की अर्धवट नोंद सेव्ह होते, कोडने कसं थांबवायचं?

ऑपरेटरचा हात चुकून पेज-डाऊनवर पडतो, फॉर्म पुढच्या रेकॉर्डवर जातो आणि अर्धी भरलेली नोंद टेबलात पडते, असं तुम्ही लिहिलंय. हा बिघाड नाही. रेकॉर्ड सोडलं की ते आपोआप सेव्ह करायचं, ही अ‍ॅक्सेसची पद्धतच आहे.

आधी फॉर्मच्या प्रॉपर्टी शीटमध्ये 'इव्हेंट' टॅबवर 'की प्रिव्ह्यू' ला 'येस' करा. हे करायचं राहिलं तर कर्सर टेक्स्टबॉक्समध्ये असताना फॉर्मच्या की-डाऊनमधला (कळ दाबताच चालणारा) कोड चालतच नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग की-डाऊनमध्ये की-कोड, म्हणजे दाबलेल्या कळेचा क्रमांक, तपासा. पेज-अपचा 33, पेज-डाऊनचा 34. यांपैकी काही आलं की की-कोडला 0 द्यायचा, म्हणजे ती कळ दाबलीच नाही असं होतं. कंट्रोल धरून दाबलं तरी क्रमांक तोच येतो, त्यामुळे तेही थांबतं. शेवटच्या फील्डवरून टॅबने पुढच्या रेकॉर्डवर जाणं थांबवायला मात्र कोड लागत नाही. 'सायकल' प्रॉपर्टी 'करंट रेकॉर्ड' करा, झालं.

तुम्ही रकमेच्या खान्यात फक्त आकडे घ्यायचे म्हणताय, तेही की-डाऊनमध्येच. ते तिथे करू नका. एका पतसंस्थेच्या पिग्मीच्या नोंदींसाठी मी तसंच केलं होतं, 48 ते 57 (वरच्या ओळीतले आकडे) सोडून सगळं बंद. दुसऱ्या दिवशी फोन आला, आकडेच उमटत नाहीत. जाऊन शेजारी बसलो. त्या ताईंचा डावा हात पावतीपुस्तकाची पानं उलटत होता, उजवा नमपॅडवर, आणि नजर पावतीवर. नमपॅडच्या आकड्यांचे की-कोड 96 ते 105 असतात, ते मी धरलेच नव्हते. की-प्रेस या इव्हेंटमध्ये ही भानगड नाही, तिथे कळेचा नाही तर उमटणाऱ्या अक्षराचा क्रमांक (की-अ‍ॅस्की) मिळतो. वरच्या ओळीतला 5 असो की नमपॅडवरचा, की-अ‍ॅस्की 53 च येतो. तिथे 32 पेक्षा लहान क्रमांकांना हात लावू नका, बॅकस्पेस (8), एन्टर (13) आणि एस्केप (27) त्यातच येतात. उरलेल्यांतून 48 ते 57 आणि पैशांसाठी टिंब (46) एवढंच राहू द्या, बाकीच्यांना 0.

एवढं करूनही कोणी कंट्रोल-व्ही ने 'पाचशे' पेस्ट केलं तर की-प्रेसला त्या मजकुरातलं एकही अक्षर दिसत नाही. शिवाय माउसने रेकॉर्ड बदललं किंवा फॉर्म बंद केला, तर कीबोर्डचा संबंधच येत नाही. म्हणून खाते क्रमांक आणि रक्कम भरलीय का, ही खरी तपासणी फॉर्मच्या बिफोर-अपडेटमध्ये (नोंद सेव्ह होण्याआधी चालणाऱ्या इव्हेंटमध्ये) लिहा. काही रिकामं असेल तर कॅन्सलला ट्रू द्या म्हणजे सेव्ह थांबतं, मेसेज दाखवा आणि कर्सर त्याच खान्यात न्या. कळा अडवणं आणि ही तपासणी यांपैकी एकच करायला वेळ असेल, तर हेच करा. तुमच्या अर्धवट नोंदी यानेच थांबतील.

आणि कंट्रोलच्या सगळ्या कळा सरसकट बंद करण्याचा विचार सोडून द्या. कंट्रोल आणि एकेरी अवतरणचिन्ह दाबलं की आधीच्या रेकॉर्डमधली त्याच खान्यातली किंमत उतरते. कंट्रोल आणि अर्धविरामाने आजची तारीख येते. दिवसभर नोंदी करणाऱ्याचे हात त्यावरच चालतात.